लायसन्स नको, पासिंग नको: कमी वेगाची ई-स्कूटर मुलाच्या हाती देण्याआधी

दहावीचा निकाल लागतो, कॉलेज घरापासून पाच-सहा किलोमीटरवर मिळते, क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि घरात दुचाकीचा विषय निघतो. मुलाचे वय सोळा. दारातली ॲक्टिव्हा त्याच्या हाती देता येत नाही, हे आता बहुतेक पालकांना ऐकून माहीत आहे. अशा वेळी ‘लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको’ ही शोरूमच्या काचेवरची पाटी मोठा दिलासा देते. हे परीक्षण अशाच गाड्यांचे आहे. म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॉटच्या ई-स्कूटरचे. ओकिनावा लाइट, युलू विन, अँपिअर रिओ ही त्यातली ओळखीची नावे. त्याशिवाय स्थानिक जुळणी करून निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्या बाजारात आहेत. आम्ही इथे एका कंपनीला गुण देत नाही. पालकाने पैसे मोजताना या गाडीबरोबर कोणती जबाबदारी घरी येते, ते पाहतो आहोत.

आमचे मत आधीच सांगतो. सोळा ते अठरा या दोन वर्षांत मुलाला कायद्यात बसून स्वतःची दुचाकी देण्याचा आज हाच एक व्यवहार्य मार्ग आहे, आणि सपाट गावात, जवळच्या अंतरासाठी तो चांगला आहे. पण पाटीवरचे तिन्ही ‘नको’ दोन आकड्यांवर उभे आहेत. त्यातला एक जरी ढळला, तरी पालक थेट मोटार वाहन कायद्याच्या सर्वांत कडक कलमासमोर येतो.

ते दोन आकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि गाडीचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती बॅटरीवरची गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. इथे ‘तीस मिनिटांची शक्ती’ हा शब्द महत्त्वाचा. मोटर सलग अर्धा तास न तापता जी शक्ती देऊ शकते, ती ही. क्षणभर ती याहून जास्त ओढू शकते आणि ते नियमाला धरून असते. शिवाय या दोन्ही गोष्टी अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्या लागतात. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या त्या संस्था. दुकानदाराचा शब्द, माहितीपत्रकातली ओळ किंवा मोटरवर कोरलेले ‘२५० W’ हा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे त्या संस्थेचे, त्याच मॉडेलचे प्रमाणपत्र.

आता आकडा ढळला तर पालक ज्याच्यासमोर येतो ते कलम. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आले. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि ज्या शिक्षेचा मुलाला खरा फटका बसतो ती ही: वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याला शिकाऊसुद्धा लायसन्स मिळत नाही. नोकरीच्या पहिल्या तीन-चार वर्षांत गाडी चालवता न येणे म्हणजे काय, याचा विचार सोळाव्या वर्षी कोणी करत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर या कलमातली पंचवीस वर्षांची आणि बारा महिन्यांची तरतूद पहिल्यांदा घराघरांत बोलली गेली.

या कलमात पालकांनी दोन बारकावे समजून घ्यायला हवेत. पहिला, न्यायालय असे गृहीत धरूनच सुरुवात करते की मुलाने गाडी वापरली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीने. संमती नव्हती, आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण शक्य ती सगळी खबरदारी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे असते. ‘चावी टीव्हीवर होती, तो कधी घेऊन गेला कळलंच नाही’ हे सांगणे सोपे आहे, पण चावी टीव्हीवर होती हाच त्यातला कच्चा दुवा आहे. दुसरा, कलमात ‘पालक किंवा मालक’ असे शब्द आहेत. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर आजोबा अडकू शकतात. मुलगा मित्राची गाडी घेऊन निघाला, तर मित्राच्या घरचा मालक आणि मुलाचे स्वतःचे पालक, दोघांकडेही बोट जाऊ शकते.

कलमात एक सूट आहे आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहे. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्के लायसन्स असेल आणि तो त्याच लायसन्सला चालणारी गाडी चालवत असेल, तर पालकावर १९९अ लागत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतेही. पालकाची लेखी संमती जोडावी लागते. पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचे असते. जुनी लूना त्यात बसायची. आज शोरूममध्ये त्या मापाची पेट्रोल दुचाकी जवळजवळ मिळत नाही. टीव्हीएस एक्सएल १०० ची क्षमता ९९.७ सीसी, साध्या गिअरलेस स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या. ‘त्याच्याकडे विदाउट गिअरचं लायसन्स आहे’ असे म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला ११० सीसीची स्कूटर देणारे पालक या सुटीच्या बाहेरच राहतात. नावावरून फसू नका, हेही इथेच सांगायला हवे. नवी ई-लूना ताशी ५० किलोमीटरपर्यंत जाते. तिला नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागते. चेतक, आयक्यूब, ॲथर या तर पूर्ण मोटार वाहनेच आहेत.

म्हणून कमी वेगाच्या ई-स्कूटरकडे यायचे. आता ती गाडी म्हणून कशी आहे?

सपाट रस्त्यावर ठीक. गाडी आणि मूल मिळून सव्वाशे-दीडशे किलो वजन ताशी २५ च्या वेगाने सपाटीवर ओढायला साधारण दोन-अडीचशे वॉट लागतात. म्हणजे मोटर तिच्या पूर्ण क्षमतेने चालते, पण हातात काही शिल्लक राहत नाही. ही गोष्ट चढाला कळते. शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता आणि एकूण दीडशे किलो वजन धरले, तर २५० वॉटवर वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येतो. क्षणिक जादा शक्तीने छोटा चढ निघून जातो, लांब चढ निघत नाही. डबलसीट बसवली तर उड्डाणपुलावरच गाडी मान टाकते. कोल्हापूर, सोलापूर, सांगलीच्या सपाट भागात, पुण्याच्या पेठांत किंवा पनवेल-खारघरच्या सेक्टरांमध्ये या गाड्या समाधानकारक आहेत. साताऱ्याच्या वरच्या वस्त्या, पुण्यात कात्रज-बावधनच्या टेकड्यांवरच्या सोसायट्या, कोकणातली घाटउताराची गावे इथे घेऊ नका. तिथे मुलगा पंधरा दिवसांत कंटाळतो आणि ‘स्पीड खोलून देणारा’, म्हणजे वेगाचे बंधन काढून देणारा, मेकॅनिक शोधतो. सगळ्या गडबडीचे मूळ हेच आहे.

बॅटरी लिथियमचीच घ्या. सव्वा किलोवॉट-तासाच्या आसपासची काढता येणारी बॅटरी असेल, तर कंपनी साठ किलोमीटर सांगते आणि गर्दीत, खड्ड्यांत चाळीस-पंचेचाळीस मिळतात. पूर्ण चार्जिंगला साधारण दीड युनिट वीज आणि चार-पाच तास. लेड-ॲसिडच्या स्वस्त गाडीत ४८ किंवा ६० व्होल्टसाठी बारा व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या असतात. त्या जड असतात, चार्जिंगला सात-आठ तास घेतात आणि वर्ष-दीड वर्षात अंतर निम्म्यावर येते. त्यांतली एक बसली की सगळ्याच बदलाव्या लागतात, कारण नव्या-जुन्या बॅटऱ्या एका साखळीत जोडल्या तर जुनी नवीलाही खाते. चार्जर गाडीबरोबर आलेलाच वापरायचा. जिन्याखाली किंवा फ्लॅटच्या मुख्य दाराशी रात्रभर चार्जिंग नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

ब्रेक बहुतेक गाड्यांत ड्रमचे, टायर दहा इंची. २५ च्या वेगाला ते पुरतात. त्याहून जास्त वेगाला पुरत नाहीत, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. वेग २५ वरून ४५ झाला की गाडीतली ऊर्जा ४५ भागिले २५ च्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वातीन पट. तेच ड्रम, तेच लायनर, आणि थांबवायची ऊर्जा तिप्पट. शिवाय २५ च्या वेगाला गाडी एका सेकंदात सात मीटर जाते आणि ४५ च्या वेगाला साडेबारा मीटर. ब्रेकवर हात जाईपर्यंतचा तो एक सेकंद.

मग ‘स्पीड खोलणे’ म्हणजे नेमके काय करतात? पालकांना हे ओळखता आले पाहिजे. सर्वांत सोपा प्रकार कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याच्या, वायरिंगमधला. कंट्रोलरमधून दोन बारीक वायरींचा एक जोड बाहेर येतो. तो जोडलेला असेल तर वेग बांधलेला राहतो आणि सोडला किंवा कापला की बंधन जाते. सीट उघडून पाच मिनिटांचे काम. दुसरा प्रकार १-२-३ असे बटण. विकताना गाडी ‘१’ वर असते आणि ‘३’ वर चाळीसच्या पुढे जाते. तिसरा, ४८ व्होल्टच्या जागी ६० व्होल्टची बॅटरी. या मोटरचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २५ ची गाडी सरळ ३१ ला जाते. चौथा, कंट्रोलरच बदलून जास्त अँपिअरचा बसवणे. यात मागच्या चाकातली मोटर तापते, मोटरची फिरती स्थिती ओळखणारे हॉल सेन्सर उडतात, चुंबक कमजोर होतात आणि वॉरंटी तर पहिल्याच दिवशी संपते.

यातले काहीही झाले की ती गाडी नियमातल्या सुटीत बसत नाही. ती मोटार वाहन होते, आणि तेही नोंदणी नसलेले, विमा नसलेले, लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातातले. मग लायसन्सशिवाय चालवल्याचे कलम १८१ आणि चालवू दिल्याचे कलम १८०, दोन्हींत ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नोंदणी नसल्याचे १९२. विमा नसल्याचे १९६. गाडीत बेकायदा बदल केल्याचे १८२अ. आणि या सगळ्यांच्या वर १९९अ. राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये वेग वाढवलेल्या ई-बाइकविरुद्ध तपासणीची मोहीमही काढली होती. गाडीचा वेग दुकानदारानेच खोलून दिला असेल तर त्याच्यावर वेगळी कारवाई होते. पण म्हणून पालक सुटत नाही.

दुकानात काय पाहायचे, तेही सांगतो. आधी प्रमाणपत्र मागा. त्यावर संस्थेचे नाव, मॉडेल आणि व्हेरिएंट, तीस मिनिटांची शक्ती आणि कमाल वेग या चारही गोष्टी वाचा. एकाच नावाची गाडी कमी वेगाच्या आणि जास्त वेगाच्या अशा दोन व्हेरिएंटमध्ये विकली जाते आणि कागद एकीचा, गाडी दुसरीची असे घडते. प्रमाणपत्राची प्रत मिळत नसेल तर तिथून उठा. बिलावर चॅसिस नंबर, मोटर नंबर, बॅटरीचा सिरियल नंबर आणि ‘कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी’ ही ओळ लिहून घ्या. या गाडीला आरसी नसते, म्हणून बिल हाच तुमचा एकमेव कागद आहे. लॅमिनेट करू नका, उन्हात डिकीत ठेवू नका. प्रत डिकीत, मूळ घरी.

मग पूर्ण चार्ज केलेली गाडी सपाट, रिकाम्या रस्त्यावर स्वतः चालवून पाहा. मीटरवर विश्वास ठेवू नका. मोबाइलमधल्या जीपीएस स्पीडोमीटरवर चारपाचशे मीटर पूर्ण रेस देऊन वेग बघा. स्टँडवर चाक फिरवून घेतलेला वेग कामाचा नाही, कारण तिथे चाकावर भार नसतो. प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक मोडमध्ये पाहा. एकाही मोडमध्ये वेग २५ च्या पुढे गेला तर ती गाडी घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगो. ‘हे बटण मुलाला दाखवू नका म्हणजे झालं’ हे वाक्य ऐकू आले, तर ते विकणाऱ्याने दिलेले कबुलीपत्रच समजा.

घरी आल्यावर हीच चाचणी दर दोन-तीन महिन्यांनी करायची. तारीख आणि वेग वहीत लिहायचा, जीपीएसचा स्क्रीनशॉट ठेवायचा. सर्व्हिसिंगची बिले जपायची, आणि मुलाला एकट्याला गाडी गॅरेजला न्यायला लावायचे नाही. कंट्रोलरच्या झाकणाच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. कोणी उघडले तर तो तुटलेला दिसतो. हे सगळे मुलावर अविश्वास दाखवणे नाही. खबरदारी घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने पालकावर टाकला आहे, आणि सिद्ध करायला तोंडी सांगणे पुरत नाही.

आता ज्या बाबीवर आम्ही या गाड्यांना सर्वांत कमी गुण देऊ, ती. ‘इन्शुरन्स नको’ हे विक्रीचे वाक्य पालकाच्या सोयीचे वाटते, प्रत्यक्षात तोच या व्यवहारातला सर्वांत मोठा धोका आहे. नोंदणी असलेल्या गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा असतो. त्या गाडीने कोणाला धडक दिली, तर जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. चालकाकडे लायसन्स नसले तरी अनेक प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावते आणि मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. कमी वेगाच्या ई-स्कूटरमागे असा कोणीच उभा नसतो. तुमच्या मुलाने सकाळी फिरायला निघालेल्या आजींना पाडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले, तर भरपाईचा दावा साध्या दिवाणी न्यायालयात, थेट तुमच्यावर येऊ शकतो. केवळ आई किंवा बाप आहात म्हणून नव्हे. मुलाला न शिकवता गाडी दिली, ब्रेक खराब आहेत हे माहीत असून दिली, डबलसीट फिरू दिले, अशा तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर तो दावा उभा राहतो. आणि फौजदारी बाजूही सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवणे गुन्हा आहे. तिथे गाडी मोटार वाहन आहे की नाही, हा प्रश्नच येत नाही. मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते.

म्हणून गाडीच्या किमतीतच विम्याचा खर्च धरा. गृहविम्याच्या काही पॉलिसींत तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेची जबाबदारी जोडून घेता येते. एजंटला ‘नोंदणी नसलेली, २५ किमीच्या आतली ई-स्कूटर आणि चालक वय १६’ असे स्पष्ट लिहून विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बॅटरीवरच्या वाहनांना वगळल्याची ओळ अनेकदा पॉलिसीच्या शेवटच्या पानावर असते. मुलाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा.

हेल्मेटची सक्ती मोटरसायकलला आहे, या गाडीला नाही. तरीही आयएसआय छापाचे हेल्मेट पहिल्या दिवसापासून. डोक्याचा घेर टेपने मोजून माप घ्या. वडिलांचे सैल हेल्मेट पडताना आधी निसटते. मार्गही तुम्हीच आखून द्या. ताशी साठने वाहतूक जाणाऱ्या बायपासवर २५ ची गाडी म्हणजे मागून येणाऱ्या डंपरसाठी अडथळा. सर्व्हिस रोड आणि आतले रस्ते, भले दीड किलोमीटर जास्त पडोत. आणि डबलसीट अजिबात नाही. नियमात या गाडीला किमान वय लिहिलेले नाही, म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती देणारे पालक दिसतात. आमचे मत स्पष्ट आहे: सोळाच्या आत देऊ नका. सायकल आहे.

किंमत ५० ते ८० हजारांत. ४० हजारांच्या खालच्या गाड्यांत प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वांत जास्त येतो. सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात आहे का, कंट्रोलर आणि चार्जर सुटे मिळतात का, हे ब्रँडच्या नावापेक्षा महत्त्वाचे. कंपनी बंद पडली की तोच ‘स्पीड खोलणारा’ मेकॅनिक उरतो.

मूल अठराचे झाले की सारथी पोर्टलवरून शिकाऊ लायसन्स, तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी, मग मोठी गाडी. तेव्हा ही स्कूटर विकणार असाल तर एक काळजी घ्या. आरसी नाही म्हणजे नाव बदलायची जागाही नाही. साध्या कागदावर चॅसिस नंबर, मोटर नंबर, विक्रीची तारीख आणि वेळ, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, विकताना जीपीएसवर मोजलेला कमाल वेग आणि दोघांच्या सह्या असू द्या. मूळ बिलाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.